सूज आणि झिजणारं हाड : आमवाताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले रुग्ण व त्यांच्या घरची माणसं मला, म्हणजे त्यांच्या डॉक्टरला, व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पाठवतात, ते मी एका वहीत उतरवून ठेवते. सुरुवात बहुधा औषधांच्या खर्चापासून होते आणि गाडी येऊन थांबते ती ‘पण हाड झिजलंच कसं?’ या प्रश्नावर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. तुमची औषधं मात्र हे वाचून बदलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

१. आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघे दुखतात, तोच ना?

नाही. उतारवयातल्या गुडघेदुखीत हाडाच्या टोकावरची कूर्चा (गुळगुळीत गादी) विरत जाते. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. जंतूंशी लढायचं सोडून ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. (आयुर्वेदातला आमवात आणि हा आजार तंतोतंत एक नाहीत, पण आपल्याकडे हाच शब्द रुळला आहे म्हणून मीही तोच वापरते.) प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना तो होतो. पुरुषांच्या मानाने बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त आढळतो, आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात सुरू होतो.

ओळखायची खूण सकाळी दिसते. पहाटे धार काढायला बसलं तर मूठ वळत नाही, भाकरी थापताना बोटं ताठ राहतात, आणि हा ताठरपणा तासभर तरी जात नाही. दोन्ही हातांची मधली पेरं, बोटांची मुळं आणि मनगटं सुजतात. नखाजवळचं शेवटचं पेर मात्र बहुतेक वेळा सुटतं.

२. हाड ‘झिजतं’ म्हणजे घासून घासून कमी होतं का?

‘झिजणं’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. जात्याची पाळ झिजावी तसं हे हाड घासून जात नाही. ते खाल्लं जातं, आणि खाणाऱ्या पेशी आपल्याच शरीरातल्या असतात.

त्यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. १८७३ मध्ये क्योलिकर या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते, स्वतःखालची जागा चहूबाजूंनी बंद करते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने हाडातलं कॅल्शियम विरघळतं. मग कॅथेप्सिन-के नावाचं विकर उरलेला प्रथिनांचा सांगाडा तोडून टाकतं. मागे एक खड्डा राहतो.

या पेशी शत्रू नाहीत. निरोगी माणसातही त्या जुनं हाड काढून टाकतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. अशा रीतीने दरवर्षी सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग नवा होत असतो. आमवातात खोदणाऱ्यांची संख्या वाढते आणि भरणाऱ्यांचे हात बांधले जातात.

३. पण या पेशींना सांध्यात बोलावतं कोण?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराने तो विचारला होता, त्यामुळे उत्तरही त्याला समजावलं तसंच देते.

मोनोसाइटची ऑस्टिओक्लास्ट व्हायची तर तिला एक ठरावीक निरोप मिळावा लागतो. त्या निरोपाचं नाव रँक-एल. मोनोसाइटच्या अंगावर रँक नावाचं कुलूप असतं. रँक-एल ही त्याची किल्ली. किल्ली फिरली की आत एकामागून एक संदेश जातात आणि शेवटी एनफॅट-सी१ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून हाड खाण्याची सगळी हत्यारं तयार करायला लावतं. शरीराने याला लगामही ठेवला आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिन किल्लीला वाटेतच धरून ठेवतं, ती कुलपापर्यंत पोचूच देत नाही. किती हाड खाल्लं जाणार हे बरंचसं या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. हे सगळं १९९७-९८ च्या सुमारास उलगडलं. म्हणजे आज माझ्याकडे येणाऱ्या कित्येक रुग्णांचा आजार या शोधाहून जुना आहे.

आता सुजलेल्या सांध्यात काय होतं ते पाहा. अस्तरात टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) जमतात. त्यातल्या काही इंटरल्युकिन-१७ नावाचा सूज वाढवणारा निरोप सोडतात. त्याने अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी चेकाळतात आणि रँक-एलचा मारा सुरू करतात. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे असेच निरोप सोडतात. टीएनएफ दोन कामं करतं. थोड्याशा रँक-एलचाही परिणाम ते कितीतरी पट वाढवतं, आणि फायब्रोब्लास्टकडून डीकेके-१ नावाचं प्रथिन सोडवून हाड भरणाऱ्या पेशींना थोपवतं. काही रुग्णांच्या रक्तातली अँटी-सीसीपी प्रतिपिंडं (आपल्याच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली) स्वतःही हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात, असं २०१२ पासूनचे प्रयोग सुचवतात. त्यावर अजून वाद आहे.

गंमत अशी की टी पेशी ब्रेकही लावतात. त्यांच्यातून निघणारा इंटरफेरॉन-गॅमा रँक-एलचा आतला संदेश मोडतो, हे २००० साली जपानी संशोधकांनी दाखवलं. त्याच वर्षी प्रतिकारशक्ती आणि हाडं यांच्या एकत्र अभ्यासाला ऑस्टिओइम्युनॉलॉजी हे नाव मिळालं. आमवाताच्या सांध्यात हा ब्रेक अपुरा पडतो.

४. हाड याच पेशी खातात, हे सिद्ध कसं झालं?

उंदरांवरच्या काही सुरेख प्रयोगांतून. जन्मतःच रँक-एल नसलेल्या उंदरांत सांधेदाह घडवला. सांधे भरपूर सुजले, पण हाड जवळपास शाबूत राहिलं. दुसऱ्या प्रयोगात टीएनएफचा अतिरेक असलेले, पण ऑस्टिओक्लास्टच नसलेले उंदीर घेतले. तिथेही सूज आली, खड्डे पडले नाहीत. सूज हाडाला हात लावत नाही, ती हाड खाणाऱ्यांना बोलावते, हे यातून स्पष्ट झालं. माणसातला पुरावा प्रश्न १२ मध्ये आहे.

५. दुखायचं गोळीने थांबतं. मग ही वर्षानुवर्षांची औषधं कशाला?

कारण दुखणं थांबणं आणि हाड वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन वेदना आणि थोडी सूज कमी करतं. प्रश्न ३ मधल्या निरोपांची साखळी ते तोडत नाही. अशा गोळ्यांवर ‘बरी’ असलेली बाई भाकऱ्या करत राहते आणि आत मनगटाचं हाड पोखरत जातं. हे नुकसान बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं. वर या गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात.

माझ्या टेबलासमोर सर्वांत जास्त दुःख मला याच गोष्टीचं होतं. बोटं वाकडी झाल्यावर आलेल्या बाईला मी विचारते, पहिली सूज कधी आली? ती सांगते, धाकट्याच्या बारशाला. आणि धाकटा शेजारी उभा असतो, दहावीतला.

६. एका ठिकाणी पुड्या मिळतात, दोन दिवसांत उठून चालता येतं. घेऊ का?

बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता फार मोठी. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. मीही देते, कमी डोस, थोडे दिवस, दुसरी औषधं लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून. सांध्यातली सूज आणि खड्डे ते कमीही करतं. पण महिनोन् महिने घेतलं तर हाड भरणाऱ्या पेशी मरतात आणि मणके, खुब्याचं हाड ठिसूळ होतं. म्हणजे बोटाचं हाड वाचवताना कणा गमवायचा. साखर आणि रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

पुडी खूप दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. चक्कर, उलट्या, रक्तदाब अचानक खाली जाणं असा धोकादायक प्रसंग येऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या आणि न लाजता सांगा.

७. कॅल्शियम कमी पडलं म्हणून हे झालं ना?

नाही. आमवात कॅल्शियमच्या कमतरतेने होत नाही आणि कॅल्शियमने थांबत नाही. खणणारे कामावर असताना वरून वाळू ओतून खड्डा बुजत नाही. स्टेरॉइड चालू असेल, पाळी गेली असेल किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल, तर बाकीच्या सांगाड्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जरूर घ्यावं. ते आमवाताच्या औषधाऐवजी नव्हे.

८. आरएफ पॉझिटिव्ह आलं, पण सांधे दुखत नाहीत. आमवात झाला का?

केवळ तेवढ्यावरून नाही. आरएफ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे रक्तातलं प्रतिपिंड, निरोगी वृद्धांत, काविळीच्या काही प्रकारांत, दीर्घ संसर्गातही पॉझिटिव्ह येतं. अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक भरवशाची. ती पॉझिटिव्ह असेल तर चूक क्वचितच होते. मात्र ही प्रतिपिंडं सूज येण्याच्या कित्येक वर्षं आधीही रक्तात असू शकतात, त्यामुळे लक्षणं नसली तरी लक्ष ठेवावं लागतं.

उलटंही घडतं. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आणि तरीही खरा आमवात, असे रुग्ण बरेच असतात. ‘रक्त नॉर्मल आहे, काही नाही’ असं सांगून सुजलेली बोटं घरी पाठवू नयेत. प्रतिपिंडं जास्त असणाऱ्यांत हाडाचे खड्डे लवकर आणि जास्त पडतात, म्हणून तिथे घाई अधिक करावी.

९. हात दुखतोय, तर पायाचा एक्स-रे कशाला? आणि तो नॉर्मल असेल तर?

पायाच्या करंगळीच्या मुळाशी खड्डा कधी कधी हातांच्याही आधी दिसतो, म्हणून. सांध्याच्या कडेला जिथे हाडावर कूर्चेचं आच्छादन नसतं, तिथे सुजलेलं अस्तर थेट हाडाला भिडतं. पहिला घास तिथलाच. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे नॉर्मलच असतो, आणि ही आनंदाची बातमी आहे: वाचवण्यासारखं सगळं अजून शिल्लक आहे. शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये लवकर कळतं.

१०. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आहे म्हणे. मला का दिलं?

कॅन्सरसाठी त्याचा डोस कितीतरी मोठा असतो. आमवातात आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याने प्रतिकारशक्तीचा भडका शांत होतो. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. सोबत फॉलिक आम्ल, अधूनमधून रक्ताची तपासणी, आणि दारू शक्यतो वर्ज्य.

इथे सर्वांत गंभीर चूक सांगते. ही गोळी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. माझ्या रुग्णांना मी त्यांच्या गावच्या आठवडी बाजाराचा वार नेमून देते. बाजाराची पिशवी काढली की गोळी आठवते आणि पुढच्या बाजारापर्यंत डबी बंद. मूल हवं असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

११. बायोलॉजिक इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी का? मला खोकला नाही.

१९९२ मध्ये लंडनला मार्क फेल्डमन आणि मूळचे पंजाबचे रविंदर मैनी यांनी आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेलं, औषध पहिल्यांदा दिलं. तेव्हापासून या आजाराचं चित्रच बदललं. सूज फारशी न उतरलेल्या रुग्णांतही हाडाचे खड्डे मंदावले, कारण प्रश्न ३ मधली साखळीच तुटली.

पण तेच टीएनएफ शरीरात झोपलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवत असतं. आपल्या देशात असे झोपलेले जंतू पुष्कळांच्या अंगात असतात. टीएनएफ अडवलं की कोंडवाडा उघडतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. गरज पडली तर आधी प्रतिबंधक औषध. टोफासिटिनिबसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांआधीही हेच. त्या गोळ्यांत नागीण उठण्याचा धोका वाढतो, आणि वयस्क, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असणाऱ्यांना त्या जपूनच देतात.

ही इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीत वीज दिवसेंदिवस नव्हती. पूरपट्ट्यात राहत असाल तर पावसाळ्यात एकाच वेळी दोन-तीन महिन्यांचा साठा घरी आणू नका, आणि पाणी वाढू लागलं की कोरड्या भागातल्या नातेवाइकाच्या फ्रिजमध्ये हलवा.

१२. मग रँक-एललाच थांबवणारं इंजेक्शन सरळ का देत नाही?

असं औषध आहे: डेनोसुमॅब. २०१० पासून ते हाडांच्या ठिसूळपणासाठी, ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी, वापरात आहे. आमवाताच्या रुग्णांत त्याने नवे खड्डे कमी झाले, आणि २०१७ मध्ये जपानने त्यासाठी परवानगीही दिली. प्रश्न ४ मधल्या उंदरांनी जे दाखवलं, ते इथे माणसात दिसलं.

पण त्याने सूज उतरत नाही, दुखणं थांबत नाही आणि कूर्चाही वाचत नाही. वणवा तसाच ठेवून एक घर वाचवल्यासारखं ते होतं. म्हणून मी ते मुख्य उपचार म्हणून देत नाही. ज्यांना आमवातासोबत ठिसूळपणाही आहे त्यांना जोडीला देते. दोन इशारे आहेत. ते मध्येच सोडलं तर दबलेल्या पेशी एकदम उसळतात आणि मणके एकामागून एक दबू शकतात, त्यामुळे बंद करायचं तर पुढचं औषध आधी ठरवावं. आणि दात काढायचा असेल तर इंजेक्शनाआधी काढून घ्यावा.

१३. आम्ही सांगलीचे, घरात हळदीची पोती. हळदीने नाही का बरं होत?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला तिचा अभिमान आहे. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज वाढवणारे काही संदेश दाबतं हेही खरं. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं जातं, आणि माणसाच्या हाडातले खड्डे त्याने थांबतात असं दिसलेलं नाही. भाजीत, दुधात खुशाल घ्या. कर्क्युमिनच्या तीव्र कॅप्सूल मात्र मनाने घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना यकृत आपल्याला जपायचंच असतं.

१४. मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. चालेल ना?

सिगारेटचा संबंध पक्का आहे. धुराने फुप्फुसात प्रथिनांचं रूप बदलतं आणि त्याविरुद्ध अँटी-सीसीपी प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. न जळणाऱ्या तंबाखूबाबत स्वीडनमधल्या अभ्यासात तसा धोका दिसला नाही. पण मिश्रीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराचा आमवाताशी संबंध दिसतो. तिथला एक जंतू प्रथिनांत तसाच बदल घडवतो. तोंडाचा कॅन्सर तर आहेच. मिश्री सोडा. आणि दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

१५. आईला आमवात आहे. मुलीला होईल का? लग्न, मूल जमेल का?

धोका थोडा वाढतो, ठरून जात नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकीला असेल तर दुसरीला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच. ‘सोयरिकीत सांगायचं का’ हेही विचारतात. माझं मत: सांगा, पण सोबत हेही सांगा की उपचार घेणारी बाई संसार, शेत, नोकरी सगळं करू शकते.

मूल होऊ शकतं. मात्र मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावं लागतं. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं दुसरं औषध शरीरात फार काळ रेंगाळतं, त्यासाठी वेगळी तयारी लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही औषधं चालतात. गरोदरपणात पुष्कळजणींचा आजार शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. माहेरी गेलात तरी फाइल सोबत न्या.

१६. पावसाळ्यात वाढतं. वांगं, आंबट, डाळ बंद करू का?

ओल्या हवेत ठणका वाढल्याचं पाटण, महाबळेश्वरकडचे रुग्ण आवर्जून सांगतात आणि मी ते मानते. पण पावसाने हाडात खड्डे पडत नाहीत. वांगं किंवा ताक सोडून ते थांबल्याचंही दिसत नाही. डाळी सोडून अशक्त झालेल्या बायका मात्र मी नेहमी पाहते.

१७. चिकुनगुनियानंतर सांधे धरलेत. हाही आमवातच का?

सहसा नाही. हा त्रास बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. तापानंतर तीन महिन्यांहून अधिक सूज (नुसती दुखी नव्हे) टिकली तर अँटी-सीसीपी आणि तज्ज्ञांची तपासणी हवी.

१८. सूज नाही, सीआरपी (सुजेची रक्तचाचणी) नॉर्मल, तरी यंदा एक्स-रेत नवा खड्डा दिसला. हे कसं?

बोटांनी चाचपून न कळणारी सूज अस्तरात धुमसत असू शकते. सोनोग्राफीत ती दिसते. दुसरं कारण, खड्डा जुन्या भडक्यातला असतो आणि एक्स-रेत उशिरा उमटतो. म्हणून बरं वाटत असतानाही मी ठरावीक काळाने हात-पायांचे एक्स-रे काढायला सांगते. याच्या उलट, खूप दुखतंय पण सूज कुठेच नाही, अशा वेळी झोप, मनावरचा ताण, स्नायूंचं दुखणं तपासावं. आमवाताचा डोस वाढवून उपयोग होत नाही.

१९. एकदा पडलेला खड्डा भरतो का?

क्वचित, आणि थोडासा. सूज पूर्ण शमली तर खड्ड्याच्या कडा घट्ट होतात, काही छोटे खड्डे अंशतः भरतात. सूज असेपर्यंत डीकेके-१ भरणाऱ्यांना कामच करू देत नाही. वाकडं झालेलं बोट औषधाने सरळ होत नाही. त्यासाठी स्प्लिंट, व्यायाम, काहींना शस्त्रक्रिया.

२०. मानेचं हाडही जातं का?

जुन्या, उपचार न झालेल्या आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल होऊ शकतो. डोक्याच्या मागे कळा, हातांना मुंग्या, चालताना तोल जाणं, मान वाकवल्यावर पाठीत करंट गेल्यासारखं वाटणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका. मानेला मालिश किंवा झटके देऊन घेऊ नका. आणि कोणतीही शस्त्रक्रिया असो, अगदी गर्भाशयाची किंवा अपेंडिक्सची, भूलतज्ज्ञांना आमवाताबद्दल आधी सांगा. नळी घालताना मान मागे वाकवावी लागते, म्हणून ते मानेचा एक्स-रे आधी मागवतील.